विश्रांतीची कवायत

दौलतसिंह निकमांची पलटण गेली तेव्हा त्यांना कोणी विचारलं नव्हतं. संस्थान मध्यभारतात मिळालं, राजाची फौज देशाच्या फौजेत मिळाली, आणि मिळता मिळता जे उरले ते घरी गेले. दौलतसिंह उरलेल्यांत होते. रंगरुटांना कवायत शिकवणारा हवालदार, छाती अशी की सदऱ्याचं वरचं बटण कधी लागलंच नाही. पण नव्या फौजेच्या डॉक्टरने त्यांचे गुडघे दाबून पाहिले, गुडघे कुरकुरले, आणि पणजोबांपासून चालत आलेली शिपाईगिरी त्या कुरकुरीवर संपली.

सरकार मात्र दयाळू होतं. ज्याचे गुडघे पलटणीला चालले नाहीत, त्याला सरकारने पोरांचे गुडघे घडवायला लश्कर नावाच्या शहरभागातल्या एका शाळेत व्यायामशिक्षक नेमलं.

शाळा खासगी बाजार नावाच्या पेठेच्या पाठीमागे होती. तिला मैदान होतं असं कागद सांगत होते. प्रत्यक्षात तिथे फुटक्या कौलांचा ढीग, बाभळी आणि एक मोडका छकडा होता. दौलतसिंहांनी छकडा ओढून काढला, बाभळी तोडल्या, आणि पुढची कित्येक वर्षं ते त्या जमिनीशी बोलत राहिले. खडे वेचले. नदीकाठची लाल माती गाढवांवरून आणली. त्यात ताक ओतलं, मोहरीचं तेल ओतलं, हळद टाकली, कडुलिंबाचा पाला कुस्करून टाकला, आणि घरातलं पीठ मळावं तशी ती माती गुडघ्यांवर बसून मळली. मळून झाली की तिच्यावर कुणी पाऊल ठेवायचं नाही. ती पडली पाहिजे, मुरली पाहिजे, तिने श्वास घेतला पाहिजे. हजीऱ्याच्या गिरणीचा भोंगा वाजला, की सकाळचं ऊन किल्ल्याच्या कड्यावरून घसरत घसरत त्या मातीवर येऊन बसायचं, आणि दौलतसिंह हात पाठीमागे बांधून तिच्याकडे बघत उभे राहायचे. राजा गेला, पलटण गेली, वर्दी ट्रंकेत गेली. ही जमीन तेवढी राहिली होती, आणि ती त्यांनी स्वतः केली होती.

मग शिक्षणखात्याने हुकूम काढला की आता अखाडे पुरे, मुलांना आधुनिक खेळ शिकवा. व्हॉलीबॉल शिकवा.

दौलतसिंहांनी हुकूम मोडला नाही. त्यांनी अखाड्यावरच जाळं बांधलं.

व्हॉलीबॉलबद्दल त्यांचं मत ठाम होतं. बॉल हलका असतो, तेव्हा तो मारायला जड माणूस पाहिजे. म्हणून पहाटे जोर, बैठका आणि मुद्गल. शाळा सुटल्यावर पुन्हा जोर, पुन्हा बैठका, आणि हात खांद्यापासून लोंबायला लागले की मग बॉल. "दमलेल्या हाताला शिकवलेलं हात विसरत नाही," असं ते म्हणायचे. हे त्यांना पलटणीत कोणी सांगितलं होतं. ज्याने सांगितलं त्याच्या हाताला बॉल कधी लागला नव्हता, पण ते वेगळं.

मुलं मात्र घडली. मांड्या खांबासारख्या, माना आखूड. रस्त्याने चालली की हलवाई कढईवरून मान वर करून बघायचे. सगळ्यांत उंच गोविंद. जाळ्यावरून बॉल हाणायचं काम त्याचं. पहिल्या वर्षी तो जाळ्याच्या वर कोपरापर्यंत दिसायचा. दुसऱ्या वर्षी मनगटापर्यंत. तिसऱ्या वर्षी त्याची बोटं दिसायची, आणि तीही उजेड चांगला असला तर.

"उस्ताद," गोविंद एकदा म्हणाला, "मन उडतं, पाय नाही उडत. कसम से. ये घुटने के नीचे कुछ चुभता है."

"चुभता है म्हणजे बसतंय," दौलतसिंह म्हणाले. "बैठका वाढव."

सन छपन्नच्या पावसाळ्यात विभागाचे निरीक्षक रघुनाथराव शाळेत आले. त्यांचे आजोबा दरबारात मोठे कारकून होते, वडील त्याहून मोठे, आणि रघुनाथराव इतके मोठे होते की त्यांच्या बोलण्यात स्वतःचं असं काहीच नसायचं, सगळं सरकारचं असायचं.

"दौलतसिंह, नवं राज्य होतंय. मध्यभारत जाणार. राजधानी भोपाळला. तिकडची खाती, इकडची खाती, सगळी एकात. लश्करच्या शाळेला एक आणि पलीकडच्या मुरारच्या शाळेला एक, असे दोन व्यायामशिक्षक नव्या राज्याला परवडायचे नाहीत. एक राहील आणि दोन्ही शाळा बघेल."

"आणि दुसरा?"

"जिथे जागा निघेल तिथे."

"कुठे निघेल, रावसाहेब?"

"राज्य फार मोठं होतंय हो. आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही कुठवर जातं ते."

"राहील कोण मग?"

"दसऱ्यानंतर विभागाच्या मॅची आहेत. ज्याची टीम जिंकेल तो राहील. उगाच वशिल्याचा बोभाटा नको."

दौलतसिंहांनी टाचा जुळवून सलाम केला आणि घरी जाऊन दुर्गाबाईंना सगळं सांगितलं. दुर्गाबाईंनी पोळी तव्यावर तशीच राहू दिली.

"अहो, मला या गावातून हलवू नका," त्या म्हणाल्या. "पलटण गेली तेव्हा मी काही बोलले नाही. आता बोलते."

"मला तरी कुठे जायचंय? ती जमीन सोडून?"

"मग जिंका," दुर्गाबाई म्हणाल्या आणि करपलेली पोळी त्यांच्याच ताटात वाढली.

मुरारचा शिक्षक भालचंद्र टेंबे. वय कोवळं, नाकावर चष्मा, खिशात शिट्टी. मुंबईकडे जाऊन व्यायामाची परीक्षा पास होऊन आलेला. परीक्षा देऊन व्यायाम येतो हे दौलतसिंहांना पटायचं नाही. पोहता येतं असा दाखला घेऊन कुणी बुडायचं थांबतं का, असं ते विचारायचे. श्रावणात दोन्ही शाळांची एक मैत्रीची मॅच झाली. मुरारची पोरं काडीसारखी, पण बॉल खाली पडू देत नव्हती. लश्करची पोरं बॉलखाली पोचेपर्यंत बॉल जमिनीवर बसून त्यांची वाट बघत असायचा.

मॅच संपल्यावर भालचंद्र हसत पुढे आला. "हवालदारसाहेब, तुमची मुलं उभी फार छान राहतात."

"मास्तर, तुमच्या पोरांना जरा खायला घालत जा. वारा आला तर जाळ्याला अडकतील."

पण घरी जाताना दौलतसिंह तांग्यात बोटांवर बैठका मोजत होते. त्या रात्री पुन्हा बैठका वाढल्या. पोरं वर्गात बाकांवर डोकी टेकून झोपायला लागली. गोविंदने जेवण टाकलं. उरलेला सगळा पावसाळा टीम अशी खेळली जणू प्रत्येकाच्या पाठीवर आणखी एक जण बसलाय.

शेवटी दौलतसिंहांनी ठरवलं की मुरारमध्ये काहीतरी काळंबेरं आहे. ते स्वतः बघितलं पाहिजे. फेटा सोडून त्यांनी टोपी घातली, दुर्गाबाईंना खोगीर-लगामाच्या एका जुन्या दुकानात जातो म्हणाले (घोडा विकून बारा वर्षं झाली होती), आणि मुरारच्या शाळेच्या मागच्या भिंतीला एक चांगलीशी फट शोधून तिला डोळा लावला.

पोरं आधी बॉल खेळत होती. ताजी असताना. तोही सगळा खेळ नाही, एकच गोष्ट: एक जण बॉल वर उचलतोय, दुसरा मारतोय, पुन्हा तेच. हात चुकायला लागला की भालचंद्र शिट्टी मारून थांबवत होता. मग वाळूच्या पिशव्या घेऊन थोड्या बैठका, थोड्या उड्या. थोड्याच. दौलतसिंहांना आता खरा व्यायाम सुरू होईल असं वाटलं. पण पोरं भिंतीच्या सावलीत गेली, उताणी पडली, पाय भिंतीवर वर टेकले आणि डोळे मिटले. भालचंद्र तोंडावर बोट ठेवून त्यांच्यामधून हळू चालत होता.

दौलतसिंहांनी दुसरा डोळा फटीला लावला.

ही आळसाची गोष्ट असणं शक्य नव्हतं. कोणताही शिक्षक, कितीही मुंबईकडचा असला तरी, मॅच जवळ आलेली असताना पोरांना झोपवणार नाही. तेव्हा हा व्यायाम होता. गुप्त व्यायाम. बाहेरून काही दिसू नये आणि आतून सगळं चालावं, असा.

घरी येऊन त्यांनी तो करून पाहिला. दुर्गाबाई बाजारातून आल्या तेव्हा यजमान देवघराच्या भिंतीला पाय लावून उताणे होते.

"अहो! काय झालं? वैद्यांना बोलावू?"

"बोलू नकोस. व्यायाम चाललाय."

"कशाचा?"

"तेच शोधतोय."

शोधता शोधता त्यांना झोप लागली. लग्नानंतर पहिल्यांदाच दुर्गाबाईंनी नवऱ्याला दुपारी झोपलेलं पाहिलं. त्यांनी नाकापुढे बोट धरून श्वास तपासला आणि मग चटकन पदराने माशा वारायला लागल्या. दौलतसिंह उठले ते ऊन उतरल्यावर. उठताना गुडघा कुरकुरला नाही. त्यांनी तो वाकवला, पुन्हा वाकवला, कान लावून ऐकल्यासारखं केलं.

"जबरदस्त विद्या आहे," ते म्हणाले.

"विद्या कसली? झोपलात तुम्ही," दुर्गाबाई म्हणाल्या. "त्या तुमच्या मातीला ताक-तेल पाजून आठ-आठ दिवस पडू देता. तिच्यावरून मांजर गेलं तरी काठी घेऊन धावता. पोरं काय मातीहून गेलेली आहेत?"

"माती वेगळी."

"हो का? काय वेगळी?"

संध्या करायची वेळ झाली, दौलतसिंह म्हणाले. ते संध्या करत नसत.

दुसऱ्या दिवशी मैदानावर विश्रांतीची कवायत सुरू झाली. दौलतसिंहांना आराम देता येत नव्हता, पण हुकूम देता येत होता. त्यांनी पोरांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं.

"सावधान! बैठेगा, बैठ! लेटेगा, लेट! पाय वर! डोळे बंद! श्वास एकदम नाही, माझ्या आवाजावर!"

"उस्ताद, करायचं काय?" गोविंदने पडल्या पडल्या विचारलं.

"काहीच नाही! आणि नीट करायचं! कोण हसलं? सगळे उठा. पुन्हा पहिल्यापासून."

सुरुवातीला पोरं विश्रांतीने फार दमली. मुठी आवळून, दात खाऊन ती काहीच करत नव्हती. पण शरीर शेवटी शरीर असतं, त्याला हुकूम कुठला आणि सवड कुठली एवढं कळत नाही. काही दिवसांनी ओळीतून घोरण्याचा आवाज आला. दौलतसिंह तिकडे धावले, थबकले, आणि आवाज एका लयीत आहे असं पाहून पुढे गेले.

त्यांनी मुरारचा सगळा क्रमच उचलला. आधी बॉल, हात ताजा असताना. हात चुकायला लागला की बंद. मग ताकदीचं काम, तेही एक दिवसाआड, आणि ज्या दिवशी उड्या जास्त त्या दिवशी बैठका नाहीत. गोविंदच्या गुडघ्याखालचं टोचणं थांबेपर्यंत त्याने फक्त उभ्याने हात चालवायचा, उडायचं नाही. या सगळ्याला त्यांनी आपली म्हणून पलटणी नावं दिली. चोरलेला माल लोक रंगवून घेतात, तसं.

माती मात्र त्यांचीच होती. त्या भुसभुशीत मातीत इतकी वर्षं उड्या मारून पोरांच्या पायांत काय साठलं होतं, ते आत्तापर्यंत थकव्याच्या खाली गाडलेलं होतं. आता ते वर यायला लागलं. पोरं पुन्हा जेवायला लागली. वर्गात जागी राहायला लागली. एका मास्तरांनी तर तशी तक्रारही केली. आणि एका संध्याकाळी मैदानावर बॉलचा आवाज बदलला. आधी तो ओल्या गोणीवर काठी मारल्यासारखा यायचा. आता कोरडा, नेमका, टाळीसारखा आला. गोविंद कोपरापर्यंत जाळ्याच्या वर दिसत होता.

"उस्ताद, देखा?" तो ओरडला.

"पाहिलं. आता पड."

मॅच दसरा झाल्यावर, दिवाळीच्या तोंडावर झाली. मुरारची पोरं तांग्यातून उतरली, आणि दौलतसिंहांनी अनुभवी डोळ्यांनी ओळखलं: ती दांडा धरून, एक एक पाय संभाळून उतरत होती. शाळेचा जिना आपली पोरं कित्येक वर्षं अशीच उतरताना त्यांनी पाहिली होती. भालचंद्राचा घसा बसला होता. चष्म्यामागे डोळे खोल गेले होते.

पहिला डाव लश्करने घेतला. दुसराही. तिसऱ्यात मुरारची पोरं बॉलकडे नुसती बघत राहिली, जसं लांबच्या नातेवाइकाकडे बघावं. शेवटचा बॉल गोविंदने असा मारला की तो समोरच्या मुलाच्या पायाशी पडून, उडून, थेट रघुनाथरावांच्या मांडीवर गेला. त्यांनी तो सरकारी मालमत्ता म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवला.

भालचंद्र हात मिळवायला आला.

"हवालदारसाहेब, श्रावणातल्या मॅचला तुमच्या पोरांच्या मांड्या पाहिल्या ना, तेव्हापासून मला झोप नाही. म्हटलं, आपली काडीसारखी पोरं शेवटी मोडणार. मग महिनाभर तुमच्या बैठका घातल्या त्यांना. दोन्ही वेळा."

"माझ्या बैठका?"

"मग कोणाच्या? तुमच्या मैदानाला मागून दार आहे. मी येऊन बघून गेलो ना. पहाटे."

दौलतसिंहांनी स्वतःच्या फटीबद्दल काही सांगितलं नाही. जिंकलेल्या माणसाला सगळं सांगावं लागत नाही, ही जिंकण्यातली एक सोय आहे.

दिवाळीला दुर्गाबाईंनी करंज्या केल्या आणि गल्लीभर वाटल्या. राहणार म्हणून. त्याच दिवसांत मध्यभारत मावळला आणि नवं राज्य आलं. लोकांनी दोन्हीसाठी एकच पणती लावली.

दिवाळी सरल्यावर रघुनाथराव आले. भालचंद्रालाही बोलावलं होतं. मैदानावर टेबल टाकलं, पोरं जरा लांब रांगेत उभी राहिली.

"दौलतसिंह, अभिनंदन. तुमची टीम जिंकली म्हणून तुम्हाला बढती मिळतेय. सरगुज्याकडे."

"कुठे?"

"नव्या राज्याच्या पार पूर्वेला. तिथे व्यायामाचं काही नाही. उत्तम शिक्षक पाठवा, असं भोपाळहून आलंय. उत्तम तुम्ही. भालचंद्र इथे राहतील, दोन्ही शाळा बघतील."

"रावसाहेब, जिंकेल तो राहील, असं ठरलं होतं!"

"ते मध्यभारताच्या सरकारने ठरवलं होतं. ते सरकारच आता नाही. कोणाला विचारणार?"

दौलतसिंहांनी मातीकडे पाहिलं. हे मैदान, दुर्गाबाई, ही माती, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि त्यांना एकदम वाट दिसली. आजवर आयुष्यात केलं नव्हतं ते त्यांनी केलं. मान खाली घातली.

"साहेब, खरं सांगू? ही रीत माझी नाही. बॉल आधी, ताकद मागून, मग आडवं पडणं, हे सगळं भालचंद्र मास्तरांचं. उत्तम शिक्षक तेच."

भालचंद्र दोन पावलं मागे सरला. "छे छे, साहेब! माझी मुलं तर हरली. ताकद यांची, माती यांची. मी आपला पुस्तकातला माणूस."

"नम्रता सोडा, मास्तर. विद्या तुमचीच."

"तुम्ही मोठे, हवालदारसाहेब. तुमच्यापुढे मी कोण?"

दोन महिन्यांपूर्वी जे एकमेकांचा घाम काढायला निघाले होते, ते आता यश एकमेकांच्या अंगावर ढकलत होते. रघुनाथरावांना भरून आलं. इतके विनयशील नोकर त्यांनी पाहिले नव्हते. "ठीक आहे," ते म्हणाले, "दौलतसिंह स्वतः सांगतायत तर भालचंद्रच जातील."

झालं होतं. आणखी क्षणभर गप्प राहायचं होतं, एवढंच.

पण भालचंद्र तरुण होता, घाबरलेला होता, आणि घाबरल्यावर त्याची जीभ सैल सुटली. आता जायचंच आहे तर मान तरी घेऊन जावं असं त्याला वाटलं असेल. तो पोरांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "ऐकलंत ना? तुमच्या उस्तादांनी कबूल केलं. तुम्ही जिंकलात ते माझ्या शिकवण्यावर. यांना काय येतं? रंगरुटांना डावा-उजवा शिकवणं. बाकी सगळं भिंतीच्या फटीतून चोरलेलं. आमच्या शिपायाने पाहिलं होतं, टोपी घालून आले होते."

गोविंदने दौलतसिंहांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

दौलतसिंहांची छाती हळूहळू वर आली. सदऱ्याचं दुसरं बटणही सुटलं. दुर्गाबाई त्यांना आठवल्या असतील, नाही असं नाही. पण पणजोबाही आठवले.

"खोटं!" ते गरजले. "साफ खोटं! पोरं माझी, रीत माझी, जीत माझी! मी मास्तरांची लाज राखायला बोललो. या पोरांच्या अंगातला एक एक सांधा मी घडवलाय. सरगुजा काय, त्याच्या पलीकडे काही असेल तिथेही घडवीन!"

"म्हणजे तुम्ही जाता?" रघुनाथरावांनी विचारलं.

"आजच लिहा!"

रघुनाथरावांनी लिहिलं. भालचंद्राने चष्मा काढून पुसला, आणि तो कसाबसा न हसता उभा राहिला. पोरांना टेबलापाशी ठरलेलं बदलीचं काही ऐकू आलं नव्हतं, उस्ताद गरजले एवढंच कळलं. त्यांनी आरोळी ठोकली, धावत आली, आणि गोविंदने दौलतसिंहांना खांद्यावर उचललं. मैदानाभोवती फेरी सुरू झाली.

उंच पोराच्या खांद्यावरून शाळेच्या भिंतीपलीकडचं सगळं दिसत होतं. खासगी बाजाराच्या गल्लीत दुर्गाबाई एका हातगाडीपाशी उभ्या होत्या. वर्षभर पुरेल एवढा मोरावळा घालायचा म्हणून टोपलीभर आवळे निवडून घेत होत्या. आरोळी ऐकून त्यांनी वर पाहिलं. नवरा पोरांच्या खांद्यावर, हवेत. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी हाताने गाडीवाल्याला आणखी आवळे घालायला सांगितलं, आणि मग तोच हात उंच करून नवऱ्याला दाखवला.

दौलतसिंहांनीही हात वर केला. दुसरं काय करणार.